फ्रिजपाशी वळू नका

टेबलावर नकाशा पसरलाय.
चार कोपऱ्यांवर चार वजनं: मीठदाणी, टॉर्च,
एरलचा पाना आणि गार झालेला चहा.
अ‍ॅलिसपासून वायव्येला बोट सरकवत नेते
तशी डांबराची जाड रेघ बारीक होते, तुटक होते,
मग नुसते ठिपके,
साखर सांडत गेलेल्या पोरासारखे.

रोज सकाळी साडेआठला
मी पडद्यावरून अकरा मुलांची हजेरी घेते.
आमची शाळा म्हणजे एक खोली, एक खुर्ची, एक मी.
वर्ग मात्र एवढा मोठा की
त्यात दोनदा पाऊस पडतो, वेगवेगळ्या बाकांवर.
विन पॅस्को, वय नऊ, सगळ्यात मागचा बाक.
त्याचं 'हजर' दोन सेकंद उशिरा पोचतं.
कधी त्याच्या आधी त्याच्याकडचा कावळा पोचतो.

यंदा मी जाणार आहे.
सहाशे ऐंशी किलोमीटर, त्यातले पाचशे दहा कच्चे.

टाकीत नव्वद लिटर, कॅनमध्ये साठ.
परतीचं डिझेल पॅस्कोंच्या ड्रमातून, मोबदल्यात संत्री.
पाणी पन्नास लिटर, एका मोठ्या पिंपात नको,
पाच छोट्या कॅनमध्ये, म्हणजे एक फुटला तरी चार उरतात.
दोन जादा टायर. फावडं. फडकी. रेडिओ.
वाचनाची पुस्तकं, दुर्बीण, केकचा एक डबा.

एरल गाडीखालून बोलतो, फक्त बूट दिसतात:
"खडीवर हवा अठ्ठावीस, वाळूत अठरा.
ताठ चाक रुततं.
आणि बंद पडलीस तर गाडीपाशीच बस.
चालत निघालेली माणसं सापडतात गं,
पण फार उशिरा."

परवान्यासाठी डॅफ्नीला फोन केला,
मधले दीडशे किलोमीटर तिच्या माणसांची जमीन.
कुठे जातेस, हे तिनं विचारलंच नाही.
कुणाकडे जातेस, विचारलं.
मग म्हणाली, ओढ्यापाशी उतर, पाय टाकून बघ,
गुडघ्याच्या वर असेल तर माझ्याकडे परत ये, चहा टाकते.
आणि टेकडीच्या मागे फोटो काढू नकोस.
का, हे मी विचारलं नाही.
गप्प राहिले, ते तिला आवडलं असावं.

काल विनचा नकाशा आला. वहीच्या दोन पानांवर,
मधे शिलाई आलीय, तिथे रस्ता एका पानावरून
दुसऱ्या पानावर उडी मारतो.

'बाई, फ्रिजपाशी वळू नका.
तो गॉर्डनकाकांच्या पत्रांचा डबा आहे.
आमचा टायर आहे, पांढरा.
मेलेल्या उंटापाशी डावीकडे. वास आला की समजा बरोबर.
तीन फाटकं. उघडं असेल ते उघडं ठेवा,
बंद असेल ते बंद करा.
चौथं फाटक आमचं. आई आली नाही तर
हॉर्न तीनदा वाजवा, ती दुपारची झोपते हल्ली.
बाबा आता बोअरवरच्या खोपट्यात राहतात.
त्यांच्याकडेही जाऊ. त्यांनाही माझी बाई बघायचीय.
तो रस्ता काढायला पान पुरलं नाही.
मी पुढे बसून दाखवीन.'

पेन्सिलीनं खोडून खोडून
'हल्ली' या शब्दापाशी कागद पातळ झालाय.

मी हिशेब पुन्हा मांडला.
जाऊन येऊन चाळीस किलोमीटर, सगळी वाळू. आठ लिटर.
म्हटलं, एरल, आणखी एक कॅन लागेल.
बूट हलले नाहीत. "कशाला?"
एक वळसा आहे, म्हटलं.

रस्ते खात्याची बाई फोनवर सांगते,
ओढ्यापलीकडे शुक्रवारपर्यंत बंद.
मग नकाशाची घडी घालते, ती जुन्या घडीवर बसत नाही.
स्वयंपाकघरात ओव्हन लावते.
आता डबे दोन.
दुसऱ्यावर काय लिहावं, ते अजून ठरत नाही.